पुढचं लिहिणारा जयदेव

जयदेव मढवीच्या तिन्ही कादंबऱ्या छापायला जाण्याआधी मी तपासल्या. तपासल्या म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यापासून ते "लेका, हे असं कुठं होतंय व्हय?" असं विचारण्यापर्यंत सगळं केलं. तिन्ही वेळा मी तसं विचारलं आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटलो. सत्तरी उलटल्यावर हे कबूल करायची लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, तीही सांगणार आहे.

मी बाबासो. मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहणाऱ्या माथाड्याचा मुलगा. बापाने पाठीवर ओझं घेतलं म्हणून मला त्याच मार्केटात कारकुनाची खुर्ची मिळाली. संध्याकाळी कोपरखैरण्यातल्या आमच्या वसाहतीत मी वाचनालय चालवायचो. जयदेव तिथून पाच मिनिटांवरच्या बोनकोडे गावचा, आगरी, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. तो चारचौघांत माझी ओळख "आमचा घाटी" अशी करून देतो आणि मी त्याला मिठागराचा राजा म्हणतो, कारण त्याच्या घरची मिठागरं तो शाळेत असतानाच शहराच्या पोटात गेली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत तो बॉयलरवर होता. दर तासाला दाब आणि तापमान लिहायचे जे छापील कागद असतात, त्यांतल्या रद्दीत गेलेल्या कागदांच्या पाठीवर त्याने कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे पान उलटलं की मागे कधीच्या तरी पहाटेचं बॉयलरचं तापमान दिसायचं. लिहिलेलं प्रकरण तो आधी माझ्याकडे आणत नसे. पहिला मान त्याच्या आईचा.

रंगूबाईंना अक्षरओळख नव्हती. जयदेव वाचायचा आणि त्या कोळंबी सोलता सोलता ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, "ही बाय अशी नाय बोलनार. ती गप रेल." जयदेव तिथल्या तिथे ते वाक्य खोडायचा. मी सुचवलेली दुरुस्ती मात्र आठ-आठ दिवस भांडल्याशिवाय मान्य करायचा नाही. याचा मला रागही यायचा, कारण म्हातारीचं बरोबर असायचं.

रंगूबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालतात ते धवलारणीच्या गाण्यावर. ती एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावते, नवरा-नवरीला त्या देवांपुढे उभं करते, आणि शेवटी प्रत्येक देवाला नाव घेऊनच निरोप देते. सगळा धवला म्हणायला तास-दीड तास लागतो. रंगूबाईंकडे तो त्यांच्या सासूकडून आला होता. अर्धा धवला म्हणून उठायचं नाही, असं त्यांच्यात सक्त होतं. बोलावलेले देव निरोप मिळाल्याशिवाय मांडवातून हलत नाहीत आणि ताटकळत राहिलेले देव घराला बरे नाहीत, हे त्या इतक्या साधेपणाने सांगायच्या की माझ्यासारखा कशावरच विश्वास नसलेला माणूसही मान डोलवायचा.

जयदेवची पहिली कादंबरी 'खाडीचे भाडेकरू' एक्याण्णव साली आली. तिच्यात गावातली माणसं उरलेल्या जागेवर चाळीवर चाळी चढवतात, खोल्या भाड्याने देतात आणि कामधंदा सोडून ओट्यावर बसतात. पोरं पिऊन वाया जातात. वामन म्हणून जयदेवचा शेजारी होता, त्याच्या पोरासारखा एक पोरगा त्यात होता, तो शेवटी दारूने मरतो. मी म्हटलं होतं, "एवढी कामसू माणसं तुमची, अशी बसून खातील व्हय?" दहा वर्षांत बसून खायला लागली. दुसरी 'आतून कुलूप'. तिच्यात परदेशातला मुलगा बापाचं प्रेत जळताना लांबून एका चौकोनात बघतो आणि तिथूनच हात जोडतो. मी पोट धरून हसलो होतो. त्यानंतर बावीस वर्षांनी माझ्या सख्ख्या चुलत्याला आम्ही असाच निरोप दिला, परदेशातल्या त्याच्या मुलासाठी फोन मीच धरून उभा होतो.

आता लाजेची गोष्ट. दोन हजार एक साली गावच्या गणपतीत जयदेवचा सत्कार झाला. भाषणाला मला उभं केलं. टाळ्या मिळवायची खोड, दुसरं काय! मी म्हटलं, "मंडळी, जयदेवशी जपून वागा. हा आधी लिहितो आणि मग तसं होतं." मांडव हसला. पुढच्याच वर्षी वामनचा पोरगा गेला, दारूनेच. तेराव्यानंतर वामन जयदेवच्या दारात आला. आवाज न चढवता तो एवढंच म्हणाला, "माजा पोर पयले तुज्या पुस्तकान मेला, मंग घरान." माझा विनोद त्याने खरा धरला होता, आणि हळूहळू गावानेही धरला. हळदीला जयदेवला बोलावणं येईनासं झालं. पोटुशी बाई समोरून आली तर वाट बदलायची. एकदोघांनी तर उलट येऊन सांगितलं, आमच्या पोराला नोकरी लागली असं कुठेतरी लिहा की. मी गावात घरोघर फिरून सांगितलं की तो विनोद होता, लोक म्हणाले, हो हो, आणि दार लावून घेतलं.

दोन हजार तीनला 'मांडवाबाहेर' छापून झाली आणि जयदेवने लिहिणं सोडलं. "मी बगतो आनि लिवतो, दादूस," तो म्हणायचा. "जरा नीट बगितला त कुनालाबी दिसेल. पन यांना वाटतं मीच घडवतो." मला सगळ्यात खटकायचं ते असं, की रंगूबाईंनाही तसंच वाटायचं. त्यांनी त्याला कधी दोष दिला नाही. पोराच्या हाताला गुण आहे, कुणाच्या हाताला विंचवाचा उतारा असतो तसा, एवढं त्या मानून चालायच्या.

'मांडवाबाहेर'मध्ये हॉलमध्ये लग्न आहे. ठेकेदार सगळं ठरवतो. म्हाताऱ्या धवलारणीला हिरवी नऊवारी नेसवून, हातात माईक देऊन स्टेजवर आणतात, पायाशी धूर सोडतात, आणि दोन मिनिटांनी मोठ्या आवाजात बाजा लावून तिला उतरवतात. याही वेळी मी तेच विचारलं होतं, असं कुठं होतंय व्हय? ते प्रकरण ऐकताना रंगूबाई इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. "दोन मिंटान धवला! याला येर लागला!" येर म्हणजे वेड; आगरी बोलीत ड-ढचा र होतो.

या वर्षी जयदेवच्या मुलीचं, रुतिकाचं लग्न ठरलं. रुतिका ऐरोलीला कंपनीत आहे, मुलगा मितेश उरणजवळच्या मोऱ्याचा. रंगूबाई चौऱ्याऐंशीच्या. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांना एकाही लग्नाला कुणी बोलावलं नव्हतं, आणि दुसरी कुणी शिकायला आलीच नव्हती. नातीच्या लग्नात पूर्ण धवला म्हणायचा आणि मग डोळे मिटायचे, हे त्या दिवसातून चार वेळा ऐकवायच्या. रोज सकाळी त्या गच्चीवर जाऊन आवाज मोकळा करायला लागल्या. गॅसवरच्या दुधाचं भान न राहणारी ती बाई, पण धवल्यातला एकही देव विसरत नव्हती. जयदेव जिन्यात बसून मोजायचा. मी कधी त्याच्या सोबत असलो की तो बोटं दाखवून सांगायचा, सगळे आले.

लग्नाचं ठरवायला मोनाली नावाची मुलगी आली, लग्नांचं सगळं बघणाऱ्या कंपनीची. मीही होतो. तिने टॅब टेबलावर ठेवला आणि एकेक ओळ वाचू लागली. नवरीची एन्ट्री, मग नवऱ्याची, मग "धवलारीण एन्ट्री, दोन मिनिटं. ग्रीन नऊवारी, कॉर्डलेस माईक, लो फॉग."

जयदेव उठून आतल्या खोलीत गेला आणि 'मांडवाबाहेर' घेऊन आला. पान उघडून त्याने तिच्यासमोर धरलं.

"हो ना सर," मोनाली आनंदाने म्हणाली, "आम्ही यातूनच घेतलंय! रुतिका मॅमच्या मैत्रिणीचं लग्न आम्हीच केलं होतं, तेव्हा मॅमनी पानांचे फोटो पाठवले होते. तेव्हापासून सगळ्या आगरी वेडिंग्जना देतो. लोकांना जाम आवडतं. आता दुसरे पण कॉपी करतात."

"बाबा, तुमचं नाव पण येणारे स्क्रीनवर," रुतिका म्हणाली. "मला सरप्राइज द्यायचं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बापाचं हे एकच पुस्तक तिने वाचलं होतं, तेही प्रेमाने. लहानपणापासून गाव बापाला टाळतं हे तिने बघितलं होतं, आणि त्याच्या लिहिण्यातलं काहीतरी लोकांना आवडतंय याचा तिला खरोखर अभिमान होता. ते पान चिडून लिहिलंय हे तिला कळलंच नव्हतं. मला सगळ्या जगाचा राग आला आणि त्या पोरीवर मात्र काढता येईना.

जयदेवने पुस्तक मिटलं. मग तो म्हणाला, "रुतू, आजीला पुरा म्हनू दे. एक तास दे."

"बाबा, हॉल तीन वाजता सोडायचाय. एक तास लोक बसतील का?" तिने मोनालीकडे बघितलं. दोघींनी टॅबवर खालीवर केलं. "वीस मिनिटं. प्रॉमिस. आजीला सांगा, थोडं फास्ट."

जयदेवने आईला सांगितलं. रंगूबाई दोन दिवस बोटांवर हिशोब करत बसल्या आणि म्हणाल्या, कडवी कमी करीन, पण नाव एकही गाळणार नाही. वीस मिनिटांत आणणं आणि पाठवणं दोन्ही बसवते. त्यांनी ते बसवलंही. मी स्वतः घड्याळ लावून ऐकलं, एकोणीस मिनिटं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या बाईने सासूकडून आलेला धवला नव्याने बांधला, आणि शेवटचा देव निरोप घेऊन गेला तेव्हा जयदेव मला बिलगून रडला. वीस वर्षांत त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मोऱ्याहून वरात दीड तास उशिरा आली. त्यात कुणाचं चुकलं म्हणणार? लोक नाचले, उन्हात नाचले, मितेशचे मामा नाचता नाचता पडले, त्यांना पाणी पाजलं. मुहूर्त तोंडावर आला. मोनालीने कानातल्या यंत्रात काहीतरी सांगितलं आणि विसाचे पुन्हा दोन झाले. कुणी जयदेवला सांगितलं नाही, रुतिकालाही नाही. ती तर स्टेजच्या मागे दागिने सावरत उभी होती.

रंगूबाई हिरव्या नऊवारीत स्टेजवर आल्या. पायाशी पांढरा धूर सुटला. मागच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: संकल्पना, जयदेव मढवी. मी खाली मान घातली. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज फाटलेला होता, पण सूर जागेवर होता. नव्या बांधणीत सुरुवातीला नुसती नावंच होती, त्या एकेका देवाला हाक मारत होत्या. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, कुळाचे देव आले. शेवटचं नाव घेतलं आणि आता नवरा-नवरीला त्यांच्यापुढे उभं करायचं, एवढ्यात बाजा सुरू झाला. माईक बंद झाला. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, शंभर फोन वर गेले. रुतिका आली, आजीच्या पाया पडली, तिला मिठी मारून रडली. ते रडणं खरं होतं. मोनालीने रंगूबाईंचा दंड धरून त्यांना अलगद खाली आणलं. त्यांचे ओठ हलत होते. जयदेव गर्दी सारत स्टेजकडे गेला आणि ओरडला, बाजा बंद करा म्हणाला. नवऱ्याकडच्या कुणीतरी त्याचा हात धरून त्याला नाचायला ओढलं.

पुस्तकात त्याने लिहिलं होतं की धवलारीण खाली उतरल्यावर हॉलमध्ये हळूहळू शांतता पसरते आणि लोकांच्या माना खाली जातात. त्या शांततेच्या दोन ओळी मीच सुचवल्या होत्या, शेवट फार कोरडा वाटतो म्हणून.

घरी आल्यावर रंगूबाई एवढंच म्हणाल्या, "देव मांडवानच रेले." त्या जेवेनात. रात्री चार वेळा उठून दार उघडायला गेल्या, असं उज्ज्वलावहिनींनी, म्हणजे जयदेवच्या बायकोने सांगितलं. तिसऱ्या दिवशी जयदेव मला म्हणाला, "दादूस, आयेला हॉलवर नेऊ. तिला त्यांना पाठवू दे." त्याचा देवांवर विश्वास नाही. आईवर होता.

आम्ही रिक्षाने गेलो. वॉचमन भला माणूस, म्हणाला, जा, पाच मिनिटं, संध्याकाळी दुसरी पार्टी आहे. आत फरशी पाइपने धूत होते. मांडव नव्हता, स्टेज नव्हतं, खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या. रंगूबाईंनी विचारलं, "मांडव कुठं व्हता?" जयदेवने इकडे बोट दाखवलं, मी तिकडे. फरशी धुणाऱ्या बाईला विचारलं, ती म्हणाली, रोज जागा बदलते. रंगूबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. कुठे तोंड करून म्हणायचं ते त्यांना कळेना. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, चला.

त्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. रुतिका सासरहून दर रविवारी यायची, आजीला लग्नाचा व्हिडिओ दाखवायची, आजी बघायची आणि तिच्या गालावरून हात फिरवायची. पोरीला दुखवायचं नाही हे त्यांनी ठरवलंच होतं. एकदा मी बसलो असताना त्या जयदेवला म्हणाल्या, "तू लिवतंस ता व्हतं. मंग लिव ना रं. लिव का मी पुरा धवला बोलली आनि देव गेले."

"आये, तसा नाय होत," जयदेव म्हणाला.

"तू लिव."

एकवीस वर्षांनी त्याने पेन हातात घेतलं. कंपनी सुटलेली, ते कागद संपलेले, तेव्हा माझ्याकडून त्याने वाचनालयाच्या जुन्या वहीतली पानं नेली. लिहायला आठ दिवस लागले. मला तपासायला दिलं नाही. चार पानं झाली तेव्हा मला बोलावलं आणि आईच्या उशाशी बसून वाचायला लागला. मांडव अंगणात होता. रुतिका पाटावर होती. रंगूबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि देवांची नावं आली तशी त्यांच्या तोंडून तीच नावं हळूहळू येऊ लागली. जयदेवने निरोपही वाचला, शेवटच्या नावापर्यंत वाचला.

रंगूबाईंनी डोळे उघडले. "चांगला लिवलास." मग छताकडे बघत म्हणाल्या, "पन रुतूचा लगीन तं झाला ना रं?"

"झाला, आये."

"झालेला लिवून काय व्हनार? तू तं पुरचा लिवतंस." मग त्यांनी मान त्याच्याकडे वळवली. "पुरचा काय हाय ता वाच."

जयदेवने हातातलं पान उलटलं. मागे काही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. पुढचं त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं, आणि मला वाटतं रंगूबाईंनाही.

"नाय लिवला, आये."

"मंग नको लिवू," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

त्याने एक अक्षर लिहिलं नाही. रंगूबाई पुढच्या सोमवारी सकाळी गेल्या.